कॅमेऱ्यातल्या मुंग्या

माझा धंदा लोकांच्या संशयावर चालतो, आणि त्याचं भांडवल घरचंच आहे असं माझी बायको म्हणते. तिचं खोटं नाही. पेट्रोल भरताना मी गाडीवरून उतरून मशिनीच्या आकड्यांसमोर उभा राहतो. दूधवाल्याचं माप आतून चेपलेलं आहे का ते बोट फिरवून बघतो. कोणी कारण नसताना गोड बोलायला लागलं की याला आता काय पाहिजे, हा पहिला विचार मनात येतो. जन्मालाच आलोय असा. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या आसपासच्या गावांत मी सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो, आणि त्याआधी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्त करायचो. टीव्ही घेताना लोक पेढे वाटायचे. कॅमेरा घेताना पेढे वाटलेले मी अजून पाहिले नाहीत. कोणाला गड्यावर डोळा ठेवायचा असतो, कोणाला बांधाशेजारच्या भावकीवर, एकाला तर स्वतःच्या सुनेवर ठेवायचा होता. मी कारण विचारत नाही. कुठं बसवायचा एवढंच विचारतो, आणि जागा दाखवता दाखवता माणूस कारण आपोआप सांगून टाकतो.

कॅमेरा बसवून झाला की आठवड्याभरात तक्रार येते, आणि ती बहुतेक एकच असते: "उजेड कमी झाला की मुंग्या येत्यात." मुंग्या म्हणजे पडद्यावर वळवळणारे बारीक ठिपके. जुन्या टीव्हीचा एरियल वाऱ्याने फिरला की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं वारूळ फुटायचं, तेव्हापासूनचा हा शब्द. त्या टीव्हीबरोबर त्या मुंग्या गेल्या, शब्द तेवढा कॅमेऱ्यावर चढला.

लोकांना मी असं समजावतो. कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी एक चकती असते, आणि तिच्यावर उजेड झेलणाऱ्या लाखो बारीक वाट्या. उजेड भरपूर असला की वाट्या भरतात आणि चित्र नितळ येतं. उजेड कमी असला की वाटीत दोन-चार थेंबच पडतात. मग कॅमेरा ते थेंब वाढवून दाखवतो, आणि वाढवताना स्वतःच्या पोटातली खरखरही वाढवतो. त्या खरखरीच्या मुंग्या होतात. यावर खरा उपाय म्हणजे दिवा लावणे. दुसरा उपाय, मोठ्या चकतीचा महाग कॅमेरा घेणे. गिऱ्हाइकाला दोन्ही नको असतात. तिसरा उपाय फुकटचा आहे, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारी एक पट्टी असते. ती वर सरकवली की कॅमेरा प्रत्येक ठिपका मागच्या चित्रांशी ताडून बघायला लागतो. हा ठिपका मघाशी इथं होता का? होता, तर खरा. नव्हता, तर मुंगी, पुसून टाक. थांबून राहिलेल्यावर विश्वास ठेवायचा, एकदाच येऊन गेलेल्यावर नाही. यंत्राला माझाच स्वभाव दिलेला बघून मला बरं वाटायचं. गिऱ्हाइकासमोर पट्टी शंभराकडे नेली की भिंत कशी सारवल्यासारखी स्वच्छ होते, आणि माणूस म्हणतो, "वा, आता कसं."

आमच्या गावात मिशन कंपाउंडात आमच्या मंडळीचं देऊळ आहे. आमचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात. दगडी भिंती, वर पत्रे, आणि आत दाराच्या डाव्या कोपऱ्यात कंबरेइतकी उंच पत्र्याची कोठी. ही मुठीची कोठी. आमच्यात रीत अशी की दळण काढताना घरच्या बाईने त्यातली एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची, आणि रविवारी उपासनेला येताना तो डबा कोठीत रिकामा करायचा. आता घराघरांत गहू जास्त खातात, पण मूठ ज्वारीचीच, हे कोणी मोडलेलं नाही. महिन्याच्या शेवटी ते धान्य कमावतं माणूस नसलेल्या घरांत वाटतात.

मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते दर रविवारी कोठीच्या आत खडूने धान्याच्या पातळीची रेघ मारून ठेवतात. दिवाळीनंतर त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या रविवारपर्यंत धान्य रेघेच्या चार-चार बोटं खाली जातंय. वाटप झालेलं नसताना ज्वारी कुठं जाते? त्यांनी मला बोलावलं आणि कोणाला न सांगता कोठीवर कॅमेरा बसवायला सांगितलं. लाल दिव्यांचा, अंधारात बघणारा कॅमेरा त्यांना नको होता. देवळात रेड सिग्नल कशाला, म्हणाले. मग मी कमी उजेडात रंगीत चित्र देणारा साधा कॅमेरा दारावरच्या कोपऱ्यात चढवला. चित्र माझ्या मोबाईलवर आणि गुरुजींच्या घरच्या टीव्हीवर दिसेल असं केलं. देवळात त्या बाजूला खिडकी नाही. झिरोच्या बल्बचा पिवळट उजेड, तेवढाच.

कोणाला न सांगता म्हटलं तरी एका माणसाला कळणारच होतं. देवळाची चावी जिच्या कमरेला, तिला. ती देवळाची झाडलोट करते, घंटा वाजवते आणि देवळामागच्या एका खोलीत राहते. साऱ्या कंपाउंडाची ती मावशी. नवरा फार पूर्वी गेला, मूलबाळ नाही, आणि मुठीच्या कोठीतून महिन्याला जे वाटप होतं त्यात तिचाही वाटा असतो. शिडी धरायला तीच आली होती. वर बघत म्हणाली, "चोर सापडंल का रं ह्यानं?" मी म्हणालो, "सापडेल की." तिने समाधानाने मान हलवली.

मावशीशी माझं नातं जुनं आहे. कंपाउंडात पहिला टीव्ही तिच्या खोलीत आला होता. मी तेव्हा कॉलेज सोडून श्रीरामपुरात टीव्हीचं काम शिकत होतो. एरियल फिरवायला मी तिच्या पत्र्यावर चढायचो आणि ती खालून पडद्यासमोर बसून ओरडायची, "मुंग्या हायत. अजून हायत. कमी झाल्या. गेल्या, आता हलू नको." मी तिच्या शब्दावर दांडी फिरवायचो. मला वरून काहीच दिसत नसायचं. ती म्हणायची हायत, तर हायत. माझा धंदा तिच्या पत्र्यावर सुरू झाला म्हटलं तरी चालेल.

कॅमेरा बसवून आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी मी चहा घेत होतो आणि मावशीचा फोन आला.

"आरं, तुज्या कॅमेऱ्यात मुंग्या झाल्यात. लई झाल्यात. येऊन बघ येकदा."

"यायचं कशाला? इथं बसून घालवतो," मी म्हणालो. मोबाईलवर चित्र उघडलं. खरंच मुंग्या होत्या, कोठीच्या मागच्या भिंतीवर नुसती वळवळ. पट्टी पन्नासवर होती, ती ऐंशीवर नेली. भिंत शांत झाली. चहा गार व्हायच्या आत काम झालं, आणि मी बायकोकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "न्हाई रं गेल्या. हायतच की."

मी पट्टी शंभरावर नेली. चित्र काचेसारखं झालं. "आता एकही नाही, मावशी. तुम्ही आता चष्मा बदला."

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने मुंग्यांचं नाव काढलं नाही. बायको तेव्हा तिथंच भाजी निवडत बसली होती. तिने हे दोन्ही फोन ऐकले होते, म्हणून सांगतोय.

पट्टी शंभरावर नेल्याला आठवडा झाला, आणि रविवारी धान्य पुन्हा रेघेच्या खाली होतं. उपासनेनंतर गुरुजी, मी आणि मंडळीचे आणखी दोन पंच गुरुजींच्या घरी टीव्हीसमोर बसलो. आम्ही आठवड्याचं चित्र पुढं ढकलत बघत होतो. दिवसा कोठीकडे कोणी फिरकत नव्हतं. फिरकत होती ती मावशी, रोज सकाळी झाडायच्या आधी, दारं सताड उघडायच्या आधी. गडद लुगड्यातली तिची आकृती दारातून यायची ती धुरासारखी फरफटत, कडा पुसलेली. कोठीपाशी उभी राहिली की मात्र तिचं अंग घडीव दिसायचं. झाकण उघडायची. पदर मुठीत धरलेला. मग दुसरी मूठ कोठीच्या वर जरा थांबायची, हात आत जायचा आणि बराच वेळ आतच राहायचा, हळूहळू फिरायचा. मग हात बाहेर, झाकण बंद, पदराचं टोक झटकून कमरेला खोचायचं, आणि पुन्हा तो धूर दाराबाहेर. सहाच्या सहा दिवस हेच.

एका पंचाने घसा साफ केला. गुरुजींनी मला विचारलं, "चित्रात काही गडबड तर नसेल ना? तू यातला माहीतगार."

मी म्हणालो, "गुरुजी, कॅमेरा खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा बोललो असेन, गिऱ्हाइकाला कॅमेरा विकताना. त्या दिवशीही तसंच बोललो. खरं सांगायचं तर मला धक्काही बसला नव्हता. संशयी माणसाला धक्का बसत नाही, त्याला वाटतं, म्हटलंच होतं मी. जिच्या पत्र्यावर मी वर्षानुवर्षं चढलो तिच्याबद्दल हे वाटायला मला एक चहा संपेल एवढा वेळसुद्धा लागला नाही.

मावशीला बोलावलं. ती दाराशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. गुरुजींनी आवाज न चढवता विचारलं, "बाई, तुम्ही रोज कोठीतून काढता का?"

"काढत न्हाई. टाकते."

"टाकता? मग रविवारी सगळ्यांबरोबर टाकताना तुम्ही कधी दिसत नाही."

गुरुजींनी चित्र पुन्हा लावलं. तिने ते सगळं, जरा पुढं झुकून, लक्ष देऊन पाहिलं. टीव्हीत आपण कशा दिसतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं असणार.

"टाकत असता तर ज्वारी पडताना दिसली असती," एक पंच म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "ह्याला इचारा. ह्याचाच कॅमेरा हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "जे झालं तेच दिसतं, मावशी."

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग कमरेची चावी सोडली, टीव्हीच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. चावी गेली म्हणजे खोलीही गेली, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. महिनाअखेर खोली रिकामी करायची असं पंचांनी ठरवलं. ती जाणार कुठं, तर काष्टीला तिचा एक भाचा आहे. त्याने आईलाच घरात ठेवलेलं नाही, तर मावशीला काय ठेवणार.

सोमवारी बायको भाकरी आणि भाजी घेऊन तिच्याकडे गेली. मी नको म्हणालो होतो. आल्यावर माझ्याशी बोललीच नाही. जेवायला वाढलं, ताट जरा जोरात ठेवलं. शेवटी मीच विचारलं, काय म्हणाली?

मावशी तिला म्हणाली होती, "मला कोठीतूनच मिळतंय. त्यातलीच येक मूठ रोज परत टाकते. लोकांसमोर टाकली तर कोन हसंल, कोन वा म्हनंल. मला दोनी नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू ने असं शास्त्रात हाय, म्हनून सकाळी टाकते. टाकली की वरनं हात फिरवून सपाट करते, म्हंजी माझी मूठ कोनती ते मलाबी कळत न्हाई."

"सांगायला काय जातं," मी म्हणालो.

बायको पुढं म्हणाली, "आणि ती म्हणत होती, मुंग्यांचं दोनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही."

"ऐकलं नाही काय? दोन्ही वेळा घालवल्या की."

"कशातल्या?"

"चित्रातल्या."

बायकोने ताक ओतता ओतता हात थांबवला. "तिचा टीव्ही बंद पडून किती वर्षं झाली? फोन बटनाचा. तिनं चित्र बघितलं कुठं?"

दूधवाल्याच्या मापात बोट घालणारा मी, आणि हा एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. तिने मुंग्या म्हटलं, आणि मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर उभा राहून ऐकलं. ती तर खरोखरच्या मुंग्यांबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींकडून चावी घेतली आणि शिडी लावून कॅमेऱ्याची टोपी काढली. आतून लाल मुंग्यांचा लोंढा माझ्या मनगटावर आला. कॅमेरा चालू असला की उबदार राहतो. थंडीत त्यांनी तिथं संसार थाटला होता, कण्यांसारखी पांढरी अंडी पार सर्किटच्या खालपर्यंत. चावल्या, तरी मी हात झटकला नाही. मी त्यांची रांग बघत होतो. वायरच्या कडेने ती भिंतीवर उतरत होती, भिंतीवरून कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातून कोठीच्या मागं.

कोठी ओढायला गेलो तर ती जड असायला हवी तेवढी जड नव्हती. तिरकी करून पाहिली. बूड एका बाजूला गंजून तळहाताएवढं गेलं होतं. त्याच्याखाली फरशी खचलेली, मातीचा ढीग, आणि भिंतीच्या पायाखाली माझं मनगट जाईल असं घुशीचं बीळ. बिळाच्या तोंडाशी ज्वारीची टरफलं आणि चुरा पडला होता, आणि त्या चुऱ्याला लागलेल्या मुंग्या वर माझ्या कॅमेऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. पहिल्या फोनला मी नुसता आलो असतो तर पाच मिनिटांत चोर सापडला असता. मावशी चोराचा पत्ताच सांगत होती.

मी फरशीवर बसलो. मला फार लाज वाटली. आणि त्याच वेळी मनातला तो जुना संशयी उठून म्हणाला, घूस खरी, पण म्हणून ती टाकतच होती कशावरून? चित्रात ज्वारी का पडत नाही? या स्वभावाचा मला तेव्हा वीट आला, पण त्यानेच पुढचं काम करून घेतलं.

मुंग्या झाडून कॅमेरा परत लावला. दारं लावून घेतली, झिरोचा बल्ब तेवढा ठेवला. पट्टी शंभरावरच होती. झाकण उघडून कोठीतली मूठभर ज्वारी घेतली, कोठीच्या वर हात धरला आणि हळूहळू सोडली. मग मोबाईलवर ते चित्र मागं नेऊन पाहिलं. मी धुरासारखा येतो, कोठीपाशी घडीव होतो, मूठ वळलेली, हात पुढं, हात मागं. मुठीतून काहीच पडत नाही. पडणारा प्रत्येक दाणा कॅमेऱ्याला नवा होता. मघाशी इथं नव्हता, म्हणजे मुंगी, पुसून टाक. चित्रात मी चक्क चोर दिसत होतो.

पट्टी वीसवर आणली आणि पुन्हा मूठ सोडली. भिंतीवर मुंग्यांची वळवळ सुरू झाली, चित्र गचाळ झालं, आणि त्या वळवळीत माझ्या मुठीखाली एक फिकट, तुटक रेघ कोठीत उतरली. ज्वारी पडत होती. मी पाच-सहा वेळा करून बघितलं.

गुरुजींना तिथंच बोलावलं. बीळ दाखवलं, दोन्ही चित्रं दाखवली. ते म्हणाले, मला स्वतःला करू दे. त्यांनी शर्टाची बाही वर करून ज्वारीची मूठ सोडली, आणि शंभराच्या चित्रात स्वतःचा रिकामा हात चष्मा पुसून पुसून पाहिला.

"जन्मभर पेपर तपासले," ते म्हणाले. "पोरानं खोडलेलं उत्तरसुद्धा वाचून बघायचो. खोडलेलंच कधीकधी बरोबर असायचं." मग म्हणाले, "तू म्हणालास कॅमेरा खोटं बोलत नाही."

"म्हणालो."

"आणि मीही ऐकलं." ते एवढंच म्हणाले आणि चावी घेऊन माझ्या आधी मावशीच्या खोलीकडे चालायला लागले.

खोलीत एक ट्रंक आणि एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. महिना संपायला अजून बरेच दिवस होते, तरी तिने बांधून ठेवलं होतं. गुरुजींनी चावी तिच्यापुढं धरली आणि म्हणाले, "बाई, आमची चूक झाली. रविवारी मी सगळ्या मंडळीसमोर उभा राहून सांगणार आहे." तिने चावी घेतली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "आधी कोठीचं बूड बदला," म्हणाली. गुरुजी चावी ट्रंकेवर ठेवून गेले.

मी थांबलो. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला बोलेल. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. तुम्ही मुंग्या म्हणालात, मला वाटलं चित्रातल्या."

ती गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, मी पुढं झालो तर तिने हाताने मला थांबवलं.

"छपरावर असायचास तवा तुला काय दिसत हुतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मी म्हनले मुंग्या हायत, तर मानायचास. आता तुला समदं दिसतंय, तर मानत न्हाईस."

गाठ सुटली. तिने त्यातून तवा काढून चुलीवर ठेवला, आणि मला चहाला बस म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गुरुजींनी रविवारी शब्द पाळला. आढेवेढे न घेता, पंचांची आणि स्वतःची चूक म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, पण मी मागच्या बाकावरून उठून म्हणालो की कॅमेरा माझा होता आणि पट्टी मीच सरकवली होती. अर्ध्या लोकांना पट्टी म्हणजे काय ते कळलं नाही. मावशी बायकांच्या बाजूला चटईवर बसून होती, मान खाली. उपासना संपल्यावर दोन-तीन बायका तिला भेटायला गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला माहीतच होतं. मी ते ऐकलं. आठ दिवस त्यांच्यापैकी एकही त्या खोलीत गेली नव्हती, पण ते त्यांना ऐकवायचा हक्क माझा नव्हता.

नव्या बुडाची कोठी आली, बीळ सिमेंटने बुजवलं. चावी पुन्हा तिच्या कमरेला आहे. झिरोच्या जागी मोठा बल्ब लावा म्हणून मी गुरुजींच्या मागं लागलोय, पण पंचांच्या पुढच्या बैठकीत बघू, असं दोन बैठका चाललंय. तोवर पट्टी वीसवर ठेवलीय. चित्रात मुंग्याच मुंग्या. गुरुजी कुरकुर करतात, मी ऐकत नाही. आता बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही मी पट्टी फार वर नेत नाही. त्यांना वाटतं मला काम येत नाही.

मावशी रोज सकाळी येते. पण आता ती कोठीपाशी गेली की आधी कॅमेऱ्याकडे वळते, मूठ डोक्याच्या वर धरते आणि उघडून दाखवते. तळहातावर ज्वारी. मग ती हात उंच धरूनच, एकेक दाणा दिसेल इतक्या हळू कोठीत सोडते. नंतर दोन्ही तळहात उघडे करून कॅमेऱ्यासमोर धरते. वरून हात फिरवून सपाट करायचं तिने सोडून दिलंय.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिला लगेच फोन केला. "मावशी, दाखवायची काही गरज नाही. कोणी संशय घेत नाही आता."

"असू दे," ती म्हणाली. "देवाला अंधारात दिसतंय. तुमाला दाखवावं लागतंय."

आता तिची झाडायची वेळ झाली की मी मोबाईल टेबलावर पालथा घालतो आणि चहा घेतो. मी बघत नाही हे तिला कळायचा काही मार्ग नाही. ती तिकडे हात वर धरून उभी असणार.